ओल्या ज्वारीचा आवाज

दुपारी एक ते चार या वेळात घराघरांत काय चाललेलं असतं, ते मला जितकं ठाऊक आहे तितकं त्या घरच्या पुरुषांनाही ठाऊक नसेल. मी ती घरं पाहिलेली नाहीत, नुसती ऐकलेली आहेत. कुणाचा पंखा फिरताना कण्हतो. कुणाची सासू जप करता करता मध्येच मोठ्यानं सुनेला भाजी विचारते. कुठे अंगणातल्या बदामावर चिमण्यांचा नुसता बाजार भरलेला असतो. कानावर हेडफोन चढवला की जळगावचं ऊन, खालचा रस्ता, रिक्षांचे भोंगे सगळं मागे सरतं आणि मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. मला तिथे कुणी पाहत नाही. पाट द्यायला नको, पाणी विचारायला नको.

घरी दळण दळायची विजेची घंटी बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारी आम्ही फोनवर घेतो. हे माझं सहावं वर्ष. ऑफिस म्हणजे एका मारवाडी शेठच्या साड्यांच्या दुकानावरची लांबट खोली, त्यात अठरा खुर्च्या आणि अठरा मुली. माझं माहेर धुळ्याचं. लग्न होऊन जळगावला आले आणि दोन महिन्यांत ही नोकरी धरली. मुलाखतीला आलेल्या साहेबांनी एकच विचारलं होतं, ‘मराठी स्वच्छ बोलता येतं का?’ धुळ्याला घरात आम्ही अहिराणी बोलायचो आणि उंबरा ओलांडला की शाळेतलं मराठी. त्यामुळे येतं म्हटलं. फोनवर अहिराणी बोलायची नाही असा नियमच आहे. आमचे फोन पुण्याला बसून कुणी तपासतं, त्यांना कळायला हवं. समोरची बाई कितीही आपल्या बोलीत बोलली तरी आपण ‘मी आपली काय मदत करू शकते’ असंच म्हणायचं. सुरुवातीला जीभ अडखळायची. पुढे सवय झाली.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर देवानं एकेक नमुने घडवले आहेत. सांगलीकडचे एक निवृत्त गुरुजी दर सोमवारी फोन करून घंटीच्या माहितीपुस्तिकेतल्या शुद्धलेखनाच्या चुका सांगायचे आणि मी त्या लिहून घेतल्या की नाही, ते परत वाचून दाखवायला लावायचे. कोल्हापूरच्या एका बाईंना घंटी बदलून हवी होती, कारण शेजारणीनं त्याच रंगाची आणली. एका भाऊंनी मला आईची शपथ घ्यायला लावली होती की उद्या माणूस येईल. मी घेतली. माणूस परवा आला. धुळ्याला फोन करून आईची तब्येत विचारली तेव्हा कुठे जिवात जीव आला.

या सगळ्यांशी मी गोड बोलते. पण गोड बोलणं म्हणजे माझा स्वभाव नव्हे. मी तापट आहे. घरी माझा आवाज चढला की नवरा रेडिओ बंद करून बसतो. दिवसभराचा गिळलेला राग कुठेतरी जाऊन साचतोच. तो कुठे साचतो हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. घंटी बिघडल्याची तक्रार आली की माणूस पाठवण्याआधी आवाज तपासायचा. गिऱ्हाइकाला सांगायचं, घंटी सुरू करा, मूठभर धान्य टाका आणि फोन झाकणाजवळ धरा. अर्धा मिनिट ऐकायचं आणि समोरच्या पडद्यावर चारपैकी एका खान्यावर खूण करायची. जाळी चुकीची. पाती सैल. मोटारीत दोष. ओलं धान्य. पहिल्या तिन्हींत दुरुस्ती फुकट. चौथ्यात नाही, कारण ओलं धान्य दळायचं नाही असं पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक छापलंय. चौथी खूण केली की हमी संपली. पुढचं गिऱ्हाइकानं आपलं आपण पाहायचं.

बाकीच्या मुलींना या तपासणीचा कंटाळा यायचा. मला मात्र दिवसभरातलं तेवढंच आवडायचं. अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही. नुसती घरघर. गव्हाची सुरुवात तडतडून होते, मग आवाज एकसुरी होतो. बाजरी जरा हलकी वाजते. हरभऱ्याची डाळ पडली की पहिल्या क्षणी गारांसारखी थाडथाड आणि मग एकदम मऊ. डोळे मिटून ऐकलं की पीठ दिसायचं मला, त्याचा उबदार वास यायचा. आणि त्या घरघरीच्या मागे ते घर. त्या अर्ध्या मिनिटात मी लातूरला जाऊन यायची, साताऱ्याला जाऊन यायची. माझ्या कानाचा मला गर्वही होता. घंटीला काय झालंय ते मी माणूस जायच्या आधी सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

ती बाई पहिल्यांदा फोनवर आली ती फाल्गुनात. धुळे तालुक्यातल्या एका गावातली. आवाज चाळिशी ओलांडलेला, घोगरा, शेतात हाका मारून मोठा झालेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

‘कळनानं पीठ जाडं येस,’ ती म्हणाली. ‘तुमना पुस्तकमा कळना नही. कोनती जाळी लावू?’

कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं आमच्याकडचं पीठ. त्याची भाकरी आणि ठेचा असला की खानदेशी माणसाला दुसरं काही लागत नाही. पुस्तिका लिहिणाऱ्यानं कळणा खाल्लेला नव्हता. मी अंदाजानं जाळीचा नंबर सांगितला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, पीठ आता फार बारीक येतं, भाकरी तुटते. तिसऱ्या दिवशी, पीठ गरम लागतं. पाचव्या दिवशी, झाकण वाजतं. पहिल्याच फोनला मी ज्या नावानं बोलले त्याच नावाची पोरगी तिला दर वेळी हवी असायची, त्यामुळे दुसऱ्या कुणी उचलला तरी तिचा फोन फिरून माझ्याकडेच यायचा. शेजारच्या खुर्चीतल्या मुली हसायला लागल्या, ‘तुझी सासू आली’ म्हणून.

तिच्या मागे नेहमी बायका असायच्या. पहिल्या आवाज तपासणीलाच मला त्या ऐकू आल्या. बांगड्या, डब्यांची झाकणं, मध्येच फुटणारं हसू. तिनं आपणहून सांगितलं होतं. गावातली गिरणी पार दुसऱ्या टोकाला, तीही वीज असेल तेव्हा. म्हणून तिनं घरी भांडून घंटी घेतली. सासूला मुळीच नको होती. सासूनं एकच अट घातली, घरात राहील तोवर हिच्या दुरुस्तीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही. पसरलास की घंटी घराबाहेर. घंटी आली आणि बायका डबे घेऊन तिच्या ओट्यावर यायला लागल्या. ‘आधी मना दारशी कोन्ही येयेत नव्हतं,’ ती म्हणाली. ‘आते बठ्ठा गाव ओटावर बसस.’ एवढं सांगून लगेच, ‘तरी झाकण वाजस ते वाजसच!’

तिचं घर मला स्पष्ट दिसायचं. शेणानं सारवलेला ओटा, कडेला निंब, भिंतीशी घंटी, तिच्यावर क्रोशाचं झाकण. कधी कधी घरी भाकरी थापताना मी उगाच त्या ओट्यावर जाऊन बसायची. माझ्या बिऱ्हाडाला ओटा नाही. तिसरा मजला आहे, आणि दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. बाईचा त्रास व्हायचा पण तिच्या ओट्याचा मला हेवा वाटायचा, हेही खरं आहे.

चैत्रात एक दिवस ती मोठ्या तोऱ्यात आली. आता म्हणे पीठ जाळीबाहेर उडतं. मी पुस्तिकेप्रमाणे सुरुवात केली. झाकण नीट बसवलं का मॅडम, कापडी पिशवी धुतली का मॅडम. तिनं मला तोडलं.

‘पोरी, खुर्चीवर बशीसन पोपटनामायक बोलस तू. कधी आयुष्यमा दळेल शे का? पीठ पाह्यं तरी शे का कधी?’

मागे ओटाभर बायका हसल्या. खळखळून. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, बायका हसतात तशा हसल्या. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धुळ्यात लहानपणी पहाटे आईबरोबर जात्यावर बसून खुंटा ओढलेली मी, आणि मला पीठ माहीत नाही! तोंडावर आलेलं अहिराणी उत्तर गिळून मी म्हटलं, ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व, मॅडम.’ संध्याकाळी घरी भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मागे कुणी नव्हतं. भर दुपार होती. तिचा आवाज खाली आला होता.

‘घंटी बंद पडेल शे,’ ती म्हणाली. ‘गुरगुर करस नि थांबी जास. माणूस धाड लवकर. सासू गावले जायेल शे, परवा येई.’

मी म्हटलं, आवाज ऐकवा. तिनं घंटी लावली. मी डोळे मिटले.

तडतड नव्हती. एकही दाणा फुटल्याचा आवाज आला नाही. काहीतरी जड, गदगदलेलं जाळीत फिरत होतं. मोटार दम लागल्यागत चढत होती, पडत होती. आणि तो आवाज मी कुठल्याही शहरात, झोपेतसुद्धा ओळखला असता. बिबड्यांची ज्वारी होती ती. चैत्र-वैशाखात आमच्याकडे घरोघर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालतात. ज्वारी भिजवायची, कांडायची, सावलीत पसरायची. तळहातावर घेतली आणि चिकटली नाही की वाळली म्हणायचं. पार कोरडी होऊ द्यायची नाही, नाहीतर बिबडा तडकतो असं आमच्या बायका मानतात. म्हणून वरून कोरडी आणि आतून ओली अशी ती दळतात. दगडी जातं ते चालवून घेतं. घंटी घेत नाही, जाळी लिंपून जाते आणि मोटार जळते. ही चूक पुण्यामुंबईची बाई करणारच नाही, कारण ती बिबडेच घालत नाही.

‘कोणतं धान्य टाकलं होतं, मॅडम?’ मी विचारलं.

‘गहू,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘कोरडा व्हतात.’

खरं सांगायचं तर हे खोटं आम्ही रोज ऐकायचो. साधारण पद्धत अशी की बाई जरा मायेनं बोलली, ताई-बाई केलं, तर मुली ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि ‘मोटारीत दोष’वर खूण करायच्या. मीही करायची. त्याच आठवड्यात नशिराबादच्या एका बाईनं ‘तुला लेकीसारखी समजते गं’ म्हटल्यावर मी तिच्या ओल्या डाळीकडे काणाडोळा केला होता. पडद्यावरच्या त्या खुणेची मालकीण मीच होते. तिथे मला विचारणारं कुणी नव्हतं.

पण ही बाई मायेनं बोलत नव्हती. ती आताही हुकूमच सोडत होती. आणि मला तो हसलेला ओटा आठवला. मी चौथ्या खान्यावर बोट टेकवलं. टिपणीत लिहिलं, ‘ज्वारी, भिजवलेली. ग्राहक गहू सांगतात.’ लिहिताना मनात गारवा पसरला, उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसा. म्हटलं, बघ, पीठ पाहिलंय की नाही मी. तिला म्हटलं, ‘आपल्याला संदेश येईल, मॅडम.’ संदेश लगेच गेला, माझ्या टिपणीसकट. हमी रद्द.

पुढच्या सोमवारी पुण्याहून प्रशिक्षणाला आलेल्या मॅडमनी तीच ध्वनिफीत सगळ्यांना ऐकवली. नमुना म्हणून. अठरा मुली कान देऊन ऐकत होत्या. मॅडमनी विचारलं, यात काय ऐकू येतं? कुणी म्हणे जाळी, कुणी म्हणे मोटार. मॅडम स्वतः म्हणाल्या, ‘मलासुद्धा नुसती घरघर वाटली होती. मी तर मोटार लिहिलं असतं. हिनं धान्यसुद्धा ओळखलं, बघा.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून हसले. पण टाळ्या थांबायच्या आतच ते वाक्य माझ्या कानात जाऊन बसलं. मी तर मोटार लिहिलं असतं. म्हणजे तिचा फोन उरलेल्या सतरांपैकी कुणीही उचलला असता, तर तिची घंटी दुरुस्त होऊन आली असती. तिनं हट्टानं मलाच मागून घेतलं होतं.

वैशाखात दोन दिवसांसाठी धुळ्याला गेले. देवपुरातलं आमचं घर, गच्चीवर आईनं प्लास्टिकवर बिबडे घातलेले. लसूण, तीळ, मिरचीचा वास उन्हात तापून खाली जिन्यापर्यंत आला होता. मी वर गेले आणि ओल्या बोटांनी बिबडे थापायला बसले. गोल पसरत जायचा, कड पातळ करायची, पुढच्याकडे वळायचं. त्या कामात गुंगी येते. ऊन डोक्यावर, समोर पांढरे गोल वाढत चाललेले आणि बोलायला काही नको. आपण किती वर्षांच्या आहोत हेही विसरायला होतं. आई म्हणाली, ‘औंदा ज्वारी घंटीवर नही दळी. गेल्ता बारला बंद पडी गयती ना ती!’ आणि हसली.

गेल्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी आईची घंटी अशीच बंद पडली होती. आमच्याच कंपनीची, मीच घ्यायला लावलेली. आईनं घाबरत मला फोन केला होता. मी तिला काय सांगितलं होतं? ‘आई, फोन लाव आणि गहू होते म्हण. कोरडे होते म्हण. बाकी काही बोलू नको.’ आईला खोटं बोलता येत नाही, तर मी तिच्याकडून ते तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. माणूस आला, मोटार बदलून गेला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, म्हणतात ते काही उगाच नाही.

माझा हात बिबड्यावर थांबला. आई म्हणाली, सुकी जाई तो, पसर. मी पसरला. तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रागावली नसती, तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं, आणि मला ते नको होतं.

जळगावला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते तिची तक्रार पडद्यावर उघडली. खूण बदलत नव्हती. हमी रद्द झाली की तो खाना करडा होतो आणि बोट दाबलं तरी हलत नाही. साहेबांकडे गेले. म्हटलं, माझी चूक झाली असेल, परत तपासू. साहेब म्हणाले, ‘चूक? त्यावर तर तुझं कौतुक झालंय.’ मग फाइलीतून मान वर न काढता, ‘गिऱ्हाइकानं परत फोन करून फेरतपासणी मागितली तर होते. आपल्याकडून नाही.’ आपल्याकडून फोन लागतही नाही. गिऱ्हाइकाचे नंबर आम्हाला अर्धेच दिसतात, उरलेल्या जागी फुल्या असतात. मी त्या फुल्यांकडे पाहत बसायची.

म्हणजे तिनं फोन करायला हवा होता. आणि रोज फोन करणारी ती बाई फोन करेना.

ते दोन महिने मी कसे काढले ते मला धड आठवत नाही. आठवतं ते नुसतं वाट पाहणं. फोन उचलला की पहिला श्वास ऐकायचा, तो तिचा नसायचा. एखादीच्या मागे बांगड्या वाजल्या की काळजात लक्‌कन व्हायचं. मी मनात बोलणं जुळवून ठेवलं होतं. ती ओरडेल. मी ओरडू देईन. मग हळूच म्हणेन, फेरतपासणी मागा, मॅडम, फक्त एवढं एक वाक्य म्हणा. पुढचं मी बघते. कधी कधी दुपारी डोळा लागल्यासारखं व्हायचं आणि मी त्या ओट्यावर असायची. निंबाची सावली हलत असायची, बायका डबे घेऊन रांगेत बसलेल्या. त्यातली एकही माझ्याकडे वळून पाहायची नाही. शेजारची मुलगी खुर्चीला धक्का द्यायची, ‘अगं, फोन वाजतोय.’

आषाढ सरत आला होता. त्या दिवशी फोन उचलला आणि मी माझं ठरलेलं वाक्य म्हणायच्या आधीच कळलं. मागे काहीच आवाज नव्हता. बांगड्या नाहीत, डबे नाहीत. एक कोंबडी तेवढी दूरवर ओरडत होती.

‘नाव बदलानं शे,’ ती म्हणाली. ‘घंटीवरलं मनं नाव काढी टाक. नणंदनं लाव.’

‘घंटी... सुरू झाली का, मॅडम?’

‘व्हयनी. सासूनी धाडी दिधी तिना घर. तठे जावाईनी दुरुस्त कयी.’ आवाजात राग नव्हता. आधीच्या सगळ्या फोनांत तिचा आवाज मला टोचत आला होता. आता तो टोचत नव्हता आणि तेच सोसवेना.

मी घाईनं म्हटलं, ‘मॅडम, फेरतपासणी करता येते. तुम्ही फक्त मागा. मी आत्ता लिहून घेते. तुमची घंटी तुम्हाला परत...’

‘नको व, माय,’ ती म्हणाली. ‘एकदा उंबराबाहेर गयी ती गयी. आते परत मागू त सासू काय म्हनी, नणंद काय म्हनी. ऱ्हाऊ दे.’

मी पडद्यावर नाव बदलायचा अर्ज उघडला. नाव बदलण्यासाठी चार गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली म्हणजे बिलावरचा नंबर, तो तिनं सांगितला. दुसरी विचारायच्या आत ती म्हणाली,

‘एक इचारू का तुले?’

‘विचारा.’

‘ती ज्वारी व्हती, हाई तुले कशी कळनं? घरमा कोन्ही नव्हतं. मी कोनलेच सांगं नव्हतं, मना नवराले बी नही. बिबडास्नी ज्वारी शे, हाई फोनवर कशी कळनं?’

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. घंटीत काहीतरी यंत्र बसवलेलं असेल, असं तिला वाटत होतं बहुतेक. मला म्हणता आलं असतं की आमच्याकडे तशी सोय असते, मॅडम. तिनं ते मानून घेतलं असतं. पण दोन महिने जुळवून ठेवलेलं सगळं स्वच्छ मराठी माझ्या तोंडातून पळून गेलं. फोन तपासला जातो, पुण्याला कुणी ऐकेल, काही आठवलं नाही.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘मनी माय बी बिबडा करस. धुळाले. लहानपनपाईन तोच आवाज आयकेल शे.’

कोंबडी थांबली होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि माझा श्वास तिला ऐकू जात असणार.

‘म्हंजे तू आपली शे,’ ती म्हणाली.

‘हा, अक्का.’

‘आपलीच शे,’ ती पुन्हा हळू म्हणाली, स्वतःशीच. मग विचारलं, ‘आन तरी लिखं?’

तिनं घाई केली नाही. आजवर माझं एक वाक्य पुरं होऊ न देणारी बाई त्या दिवशी किती तरी वेळ फोन धरून थांबली. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. कुणाला उगाच ताटकळत ठेवायचं नाही असाही आमच्याकडे एक नियम आहे.

शेवटी तीच म्हणाली, ‘लिख मग,’ आणि नणंदेचं नाव, गाव, वय एकेक करून सांगत गेली. मी ते लिहून घेतलं.